पडद्यामागच्या बायकांचं मत

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याहून सरकारी सिनेमाची गाडी गावोगाव जायची आणि त्या गाडीतलं मशीन चालवायचं काम माझ्याकडे होतं. पगार बेताचा, पण रुबाब तहसीलदाराचा. गाडी गावात शिरली की पोरं मागे धावायची, पाटलाच्या घरून चहा यायचा आणि म्हातारेसुद्धा अदबीनं विचारायचे, "लक्ष्मीकांतभाऊ, आज कोणता सिनेमा?" ते दिवस आठवले की आजही छाती थोडी फुगते, खोटं कशाला बोलू.

पडदा मैदानाच्या मधोमध उभा करायचा. दोन बांबू आणि मध्ये ताणलेलं पांढरं कापड. पुरुष मशीनच्या बाजूला बसायचे, बायका पडद्याच्या मागे. असा नियम कुणी केलेला नव्हता, पण साखरखेर्ड्यापासून सुलतानपुरापर्यंत सगळीकडे हेच. कापडातून चित्र मागच्या बाजूलाही दिसायचं, फक्त उलटं. बायकांच्या सिनेमात सगळी माणसं डावखुरी असायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

खेळ संपल्यावर लोकांचं मत विचारायचं आणि साहेबांच्या कानावर घालायचं, हेही माझंच काम. लोकांचं म्हणजे पुढे बसलेल्यांचं. मागे जाऊन विचारावं हे मला कधी सुचलंच नाही.

एका हिवाळ्यात चिखलीजवळच्या उंद्री गावातल्या बँडवरचा माहितीपट आमच्याकडे आला. मुंबईच्या एका तरुणानं तो उंद्रीतच काढला होता. त्याचं सामान वाहायला मीच होतो, कारण बँडमधली पोरं माझी दोस्त. चिखलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो.

ही शेतकऱ्यांची पोरं. कुठल्याशा मोडलेल्या बँडची वाद्यं आणि लाल कोट त्यांनी उचलून आणले आणि गावाबाहेर वाजवायला लागले. लग्नात वाजवणार नाही, सिनेमाची गाणी वाजवणार नाही, शिकवायला मास्तर ठेवणार नाही. ढोलावर चुन्यानं लिहून ठेवलं होतं, 'बिनमास्तर बँड'. तेलाच्या इंजिनाची धडधड, मोटेची करकर, बाजाराचा कालवा, असलं काहीतरी वाजवायचे. चांगलं वाजवायचे असं मी म्हणणार नाही. पण ऐकताना अंगात वारं शिरायचं. पुढे कितीतरी नावाजलेले बँड ऐकले, तसं पुन्हा झालं नाही.

त्यात वैजनाथ क्लारनेट वाजवायचा. त्याचे वडील जानराव यांना ते मुळीच खपायचं नाही. बँड फोटो काढायला चिखलीला निघाला त्या दिवशी त्यांनी पोराला मुद्दाम शेतात नेलं. पुढच्या पावसाळ्यात वैजनाथ तापानं गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या कोटाची पाठ फाटली होती, तिथं त्याच्या आईनं, मनकर्णाबाईनं, आपल्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं. त्याच कोटात त्याला नेलं.

सिनेमा काढला तो त्यानंतर. रांगेत पोरांनी त्याची जागा मोकळी ठेवली. "जवळ सरका, मध्ये फट दिसते," असं सांगून सांगून तो मुंबईकर थकला. ढोलवाला कडूबा म्हणाला, "फट नाही हो ते. त्याची जागा हाय." सिनेमात ती फट शेवटपर्यंत दिसते. मी मशीनशेजारी बसून ती इतक्या वेळा पाहिली, की शेवटी तिच्याकडे बघायचं टाळायला लागलो.

उंद्रीत खेळ लावला तेव्हा सगळं गाव लोटलं. मी रीळ चढवत होतो तेव्हा मनकर्णाबाई जवळ आली.

"लक्ष्मीकांत, माहा वैजू हाय का रे त्याच्यात?"

"नाही काकू. तो गेल्यावर काढलाय हा."

"हाव, तेही खरंच." ती रिळाकडे बघत म्हणाली, "मले त्याचं तोंड आठवत नाही रे आता. झोपेत दिसते. उठून बसलं का जाते. एकडाव नीट पाहाले भेटलं असतं."

ती पडद्यामागे जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं आणि तसाच मी मशीन सुरू केलं.

खेळ संपल्यावर नेहमीसारखी मतं विचारली. एकजण म्हणाला, "वाजवून राह्यले का भांडे घासून राह्यले?" दुसऱ्याला स्वतःचा बैल दिसल्याचा आनंद मावत नव्हता. एका म्हाताऱ्याच्या मते कडूबाचे केस सरकारनं कापायला हवे होते. जानराव खाली मान घालून बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "गोंगाट हाय." पण डोळे पुसले, ते मी पाहिलं.

गावात ग्रामसेविका म्हणून प्रतिमाबाई नुकत्याच आल्या होत्या. अमरावतीच्या, शिकलेल्या, सगळ्या गोष्टी नीट करायची हौस. त्या बायकांमध्ये बसल्या होत्या. पडद्यामागून पुढे येऊन त्या म्हणाल्या, "बायकांचंही मत विचारलं मी. सगळ्यांना तो क्लारनेटवाला आवडला. पण तो सारखा पाठ करून का उभा होता?"

"कोण क्लारनेटवाला?"

"कोटाला ठिगळ होतं तो. बाकीचे सगळे तोंड करून होते, त्याची मात्र पाठच आमच्याकडे. तुम्हाला पुढून चेहरा छान दिसला असेल."

मी हसलो. भुताखेतांच्या गोष्टींवर हसण्यात माझा पहिला नंबर. बायकांनी मिळून नव्या बाईची फिरकी घेतली असणार, असं मी धरून चाललो. पण कुणी बाईंची फिरकी घेतली असेल असं दिसत नव्हतं. स्वतः पाहिलेलं सांगावं तसं सांगत होत्या.

मी पडद्यामागे गेलो. मनकर्णाबाई गोणपाटावर बसून होती.

"पाठ त्याचीच होती," ती म्हणाली. "ठिगळ म्या लावेल हाय, मले नाही वयखू येणार? पण तोंड नाही दाखवलं रे त्यानं. पुढं बसल्यावर दिसते का?"

पुढून काय दिसतं ते मला ठाऊक होतं.

"एकडाव अजून लाव," ती म्हणाली. "मले पुढं बसू दे."

ती उठली आणि बांबूला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आली. पुढे बसलेली बाई त्या मैदानानं कधी पाहिली नव्हती. गलका थांबला. जानरावांनी आपली घोंगडी सरकवून दिली. ती त्यांच्या शेजारी बसली, पडद्याच्या अगदी जवळ.

मी रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं.

पांढरी धूळ, मग गाव, मग ओढ्याकाठची वाट. बिनमास्तर बँड रांगेत उभा राहिला. कडूबानं ढोलावर पहिला हात टाकला. मध्ये फट होती.

मनकर्णाबाई डोळे फाडून त्या फटीकडे बघत होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता.

"कुठं हाय?" ती म्हणाली. "मले नाही दिसत."

जानरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या लोकांदेखत त्यांनी असं कधी केलं नसेल.

मग पडद्यामागून एक आवाज आला. खूप बायकांनी एकदम श्वास आत घेतल्याचा.

"लक्ष्मीकांतभाऊ." परत मागे जाऊन बसलेल्या प्रतिमाबाई कापडापलीकडून मोठ्यानं बोलत होत्या. "तो वळला."

"काय?"

"आता आमच्याकडे तोंड आहे त्याचं."

मी फटीकडे बघितलं; ती मोकळीच होती.

"वाजवणं थांबवलंय त्यानं," त्या म्हणाल्या. "इथं बायकांमध्ये कुणाला तरी शोधतोय."

मनकर्णाबाई उठली. लोकांच्या अंगाखांद्यावर पाय देत ती पडद्यामागे धावली. मीही मशीन तसंच सोडून धावलो. आम्ही बांबूपाशी पोचलो तेव्हा रीळ संपलं होतं आणि कापडावर नुसता पांढरा उजेड होता.

बायका दोन्ही बाजूंना सरकल्या होत्या. पडद्यापासून मैदानाच्या कडेपर्यंत मधून वाट सोडली होती, एक माणूस जाईल एवढी. तिचं गोणपाट त्या वाटेत तसंच पडलं होतं.

पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्या पाठ करून गावाकडे, जानरावांच्या घराच्या वाटेकडे बघत होत्या.

शेजारची कलाबाई बसल्या जागेवरूनच हळू आवाजात म्हणाली, "मनकर्णे, दाराले कुलूप लावून आली का व तू?"

मनकर्णाबाईचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.