जुना कर्नेल

काम तसं किरकोळच होतं. धरमपुरीच्या घाटावर, नर्मदेच्या अगदी अंगावर, एक लहानशी खोली आहे. वरच्या धरणातून पाणी सोडलं की तिथल्या कॉम्प्युटरवरून भोंगा वाजवायचा आणि नावा काठाला बोलवायच्या. महिन्यापूर्वी कोणीतरी त्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर नवा कर्नेल, म्हणजे तिचा मूळ गाभा, चढवला, आणि त्या दिवसापासून भोंगा मुका झाला, घाटावरचा कॅमेराही आंधळा. दोन्ही कॉम्प्युटरमधल्या ज्या कार्डाला जोडलेले होते ते जुनं. नव्या कर्नेलला त्याची ओळखच पटेना. मशीन पुन्हा सुरू करायचं, यादीतून जुना कर्नेल निवडायचा आणि तोच कायम करून ठेवायचा, एवढ्यासाठी कृतिका देवासहून आली होती.

दिवेलागणीची वेळ. नदीवर धुकं उतरत होतं. खोलीत ओल्या दोरांचा आणि शेवाळाचा वास कोंडला होता. खोली सांभाळणाऱ्या उमाबाई स्क्रीनकडे पाठ करून बसल्या होत्या.

"काकू, पाणी कधी सोडणार आहेत?"

"सोडलंय. आत्ताच फोन आला." मग हलकेच म्हणाल्या, "बेटा, तो पुराना वाला नको लावूस."

"मग भोंगा कसा वाजणार? नदीत माणसं आहेत."

कृतिकानं मशीन पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर यादी आली. तिनं खालचा, जुना कर्नेल निवडला. अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या, कार्ड सापडलं, आणि घाटाचं चित्र उघडलं.

काठापासून थोड्याच अंतरावर एक नाव उभी होती. वल्ही नव्हती, नावाडी नव्हता. मधोमध हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती, तोंड घाटाकडे. प्रवाहात असूनही नाव हलत नव्हती.

कृतिकानं खिडकीतून वाकून पाहिलं. त्या जागी नुसतं पाणी होतं.

"कुठवर आलीय?" उमाबाईंनी वळून न पाहताच विचारलं.

"कोण... कोण आहे ती?"

"बकुळा. माझी धाकटी जाऊ. मागच्या साली पाणी सोडलं तेव्हा लाइट गेली होती. भोंगा वाजलाच नाही. सगळे सापडले, ती नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. "तेव्हापासून भोंगा वाजला की थोडी अलीकडे येते. कुठवर आलीय, सांग ना."

"काठाजवळ..."

"म्हणजे या खेपेला तिची नाव काठाला लागेल."

दूर, वरच्या अंगाला, पाण्याची घरघर सुरू झाली. धुक्यात नावाड्यांचे कंदील अजून संथपणे हलत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. कृतिकानं चित्रातल्या त्या नावेकडे पाहिलं. नवा कर्नेल परत लावला तर चित्र जाईल. भोंगाही जाईल.

तिनं बटण दाबलं.

भोंग्यानं घाट हादरला. कंदील वळले, हाका ऐकू येऊ लागल्या, वल्ही जोरात पडू लागली. एकेक नाव काठाला लागली, माणसं धावत वर चढली, आणि मागोमाग पाणी पायऱ्या गिळत आलं. सगळे वाचले.

बराच वेळ कृतिकाला स्क्रीनकडे पाहायचा धीर होईना. पाहिलं तेव्हा ती नाव घाटाला टेकलेली होती. रिकामी.

"काकू... ती नावेत नाहीये."

उमाबाई उठल्या. त्यांनी कपाटातून एक कोरडं, घडीचं लुगडं काढलं, दार जेमतेम उघडलं आणि ते बाहेरच्या खुंटीला अडकवलं. दार लावून, पाठ टेकून त्या उभ्या राहिल्या.

"थोडं थांब," त्या पुटपुटल्या. "तिला कोणी पाहिलेलं चालणार नाही."

दोघी श्वास रोखून थांबल्या. बाहेर पाण्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

मग उमाबाईंनी दार उघडलं. खुंटीवर लुगडं नव्हतं. तिथं दुसरंच एक लटकत होतं, हिरवं, नीट पिळून टाकलेलं, आणि त्याच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं.