अंधाराची नोंद

आमचं काम ऐकलं की लोक हसतात. चिकटपट्टीने दगड सोलायचा! दगड म्हणजे दादाने भट्टीत वाढवलेला स्फटिक, वहीच्या पानांसारखा थराथरांचा. सोलत सोलत एकच थर उरला की तो प्लास्टिकच्या पट्टीवर ठेवायचा, त्यावर लेझर सोडायचा आणि थर स्वतः जो तांबडा उजेड देतो त्याचा रंग मोजायचा. स्फटिकात गंधक कमी करून सेलेनियम वाढवलं की तो रंग आणखी गडद तांबड्याकडे सरकतो. पट्टी वाकवून थर ताणला, तरी तिकडेच सरकतो.

"मग कळायचं कसं, मिश्रणामुळे सरकला की ताणामुळे?" मी नवी असताना विचारलं होतं.

"ताण सोडून बघायचं, चिमणे," दादा म्हणाला. "ताणाने आलेलं निघून जातं, मुळातलं राहतं. स्फटिकाचं तेच, माणसाचं तेच. देवाने कायदा एकच केलाय, लावलाय मात्र दोन्हीकडे."

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. कामावर तो आत, मी बाहेर. आत म्हणजे काळी खोली. काळ्या भिंती, काळे जाड पडदे, खिडकी नाही, एकामागे एक दोन दारं. पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. तो आत पट्टी वाकवणारा स्क्रू फिरवायचा, मी बाहेर स्क्रीनवर रंग बघायची. बोलणं भिंतीतल्या स्पीकरवरून. स्क्रूचे आटे ढिले, म्हणून त्याची एक लकब पडलेली. अर्धा वेढा पुढे, पाव मागे. गुणगुणत, ताल धरून.

आणि एक नेम. शेवटी लेझर बंद करून रिकाम्या खोलीतल्या अंधाराची नोंद घ्यायची. यंत्राची स्वतःची खरखर तिच्यात उतरते, आणि ती नोंद मग प्रत्येक मोजणीतून वजा होते. त्या वेळी आत कोणी असता कामा नये. माणूस बाहेर आला की दारावर हिरवा दिवा लागतो, मगच नोंदीचं बटण दाबायचं.

आठ महिन्यांपूर्वी, भर दुपारी, माझ्या पोटात कावळे ओरडत होते. स्पीकरवर दादा म्हणाला, "झालं गं, निघालोच." मी दिव्याची वाट पाहिली नाही. बटण दाबलं.

दादा बाहेर आला नाही.

दारं उघडली. खोली रिकामी. दाराच्या यंत्रात एक माणूस आत गेल्याचं होतं, बाहेर आल्याचं नव्हतं. "यंत्र चुकलं असेल," साहेब म्हणाले. पोलीस येऊन गेले. बटणाचं मी कुणालाच सांगितलं नाही. वहिनी रोज संध्याकाळी एकच विचारते, "काही कळलं का गं?" मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघते.

परवा दादाची शेवटची पट्टी मोजायला आली. आत स्क्रूवर माझी सहकारी होती, आमची 'रेडिओ'. तोंडाला विसावा नाही, म्हणून हे नाव. स्क्रीनवरच्या रेषेत एका जागी खड्डा दिसत होता.

"ताण पूर्ण सोड," मी म्हटलं.

"सोडला. तुझाही सोड जरा, किती दिवस तोंड पाडून बसणार?"

रंग मूळ जागी आला. खड्डा हलला नाही. खड्डा म्हणजे नको ते वजा होतंय. आठ महिने मी अंधाराची नोंद घेत होते, वजा करत होते. उघडून एकदाही पाहिली नव्हती. अंधारात बघायचं काय?

उघडली. सारवलेल्या जमिनीसारखी सपाट हवी होती. तिच्यावर उंचवटा होता. लेझर बंद, खोली रिकामी, आणि आत काहीतरी तांबडं उजळत होतं.

रेडिओ बाहेर आल्यावर, हिरवा दिवा बघून, नवी नोंद घेतली. उंचवटा पुढे सरकला होता. पुन्हा घेतली. थोडा मागे.

अर्धा पुढे. पाव मागे.

"मी आत जाते," मी रेडिओला म्हटलं. "मी बाहेर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. कुणीच. शपथ घे."

"घेतली बाई. पण तू अशी पांढरीफटक का पडलीस?"

दोन्ही दारं माझ्यामागे मिटली. पडद्यांचा कोंदट वास. माझाच श्वास माझ्या कानात. चाचपडत स्क्रूपर्यंत गेले.

स्क्रू कोमट होता. आणि फिरत होता.

"दादा?"

मी तो चिमटीत धरला. त्याच्यासोबत फिरवला. अर्धा पुढे, पाव मागे. चार वेळा. मग पलीकडचा जोर संपला. कुणी हात काढून घ्यावा तसा. फिरवणारी मी एकटीच राहिले.

मागे आतल्या दाराचा खटका वाजला. मग बाहेरच्याचा.

स्पीकरवर रेडिओची किंकाळी आली. "मास्तर! तुम्ही?"

"ओरडतेस काय? भुकेने जीव चाललाय." दादाचाच आवाज. देवा, किती गोड वाटला! "चिमणी कुठेय? जेवायला पळाली वाटतं. आणि अंधाराची नोंद तशीच राहिली बघ तिची. हिरवा दिवा तर लागलाय."

"मास्तर, दाबू नका, ती आत–"

बटणाचा आवाज आला.

त्यानंतर दारं अनेकदा उघडली. पावलं माझ्या अगदी जवळून गेली. दादा माझं नाव घेऊन रडला. दार उघडलं की उजेड येतो म्हणतात. मला दिसला नाही. मी हाका मारल्या. शेवटी हाताशी स्क्रू तेवढा उरला. फिरवायची एकच रीत मला येते, त्याच्याकडून शिकलेली.

आज स्पीकरवर साहेबांचा आवाज होता. "मास्तर, अंधाराच्या नोंदीत उंचवटा दिसतोय. पुढेमागे होतो."

मी श्वास धरला. फिरवत राहिले.

स्पीकरवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्याच हाताची लकब आहे ती," दादा म्हणाला. आवाज थकलेला होता. "माझ्या वेळचं काहीतरी राहिलं असेल. करा वजा."