तार नसलेला भोंगा

माझ्या धाकट्याला एक वाईट खोड आहे. आपला पक्ष कुठल्या खुर्चीवर बसलाय ते बघून तो तोंड उघडतो. पक्ष विरोधात होता तेव्हा घसा ताणून सांगायचा, दवाखान्याच्या पायऱ्यांवरचा दिवा लावणं सरकारचं काम आहे. सत्ता आली तशी भाषा फिरली. एवढ्यातेवढ्यासाठी सरकारच्या तोंडाकडे काय बघता, आपलं आपण करा, म्हणे. आई आहे म्हणून मी पोटात घालेन असं त्याला वाटलं असावं. माझं पोट एवढं मोठं नाही.

सभेला भोंगे भाड्याने द्यायचा आमचा धंदा. एकाच माइकवर सकाळी ह्यांची सभा, संध्याकाळी त्यांची. मी भोंग्याला कुणाचा झेंडा लावू देत नाही. दुकान पायऱ्यांच्या तळाशी, दवाखाना वरच्या टोकाला, आणि मधल्या वळणावर तो बंद दिव्याचा खांब. निवडणुकीत त्या खांबावर एक भोंगा बसवला होता. नंतर बोल्ट गंजला, भोंगा निघेना. तार तेवढी सोडवून आणली आणि दुकानात खुंटीला टांगली.

त्याच वळणावर धाकट्याची आणि एका पोरीची गाठ पडली. दिवेलागणीची वेळ, धुकं असं दाटलेलं की स्वतःचे पाय दिसू नयेत. धाकटा वर निघाला होता, दवाखान्यातली नर्स खाली येत होती. पोरगी दुसऱ्या पक्षाची, सुट्टीच्या दिवशी भाषणं करायची. त्यांची सत्ता होती तेव्हा सांगायची, सरकार कुठे कुठे पुरणार, पाच घरं मिळून दिवा लावू. सत्ता गेल्यावर तीही उलटली, सरकार झोपलंय का म्हणून विचारायला लागली. दोघं एका माळेचे मणी. अंधारात एकमेकांवर आदळले. तिचा पाय सटकला, त्याने मनगट धरलं... आणि लगेच सोडलंही नाही.

"दिवा लावा की आता," ती म्हणाली. "सरकार तुमचं आहे."

"पाच घरं मिळून लावा," तो म्हणाला. "शब्द तुमचेच आहेत."

तेवढ्यात वर भोंगा खाकरला. मग माझ्याच पोराचा आवाज आला, निवडणुकीतला, सर्दीने बसलेला — दिवा लावणं सरकारचंच काम आहे. ती खळखळून हसली. लगेच भोंग्यातून तिचा आवाज आला — पाच घरं मिळून लावू. तिचं हसू तिथेच थिजलं.

धाकटा धावत खाली आला. आई, असली चेष्टा करतात का, म्हणून माझ्यावरच घसरला. मी खुंटीकडे बोट केलं. तार तिथेच होती, धूळ खात. त्याने तिला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग चेष्टा करणाऱ्याला पकडायचं म्हणून दोघं रोज संध्याकाळी त्या खांबाखाली उभे राहू लागले. चोर पकडायला कुणी केस विंचरून जातं का? ती थर्मासमधून चहा आणायची, पेला एकच. पेला कुणी आधी घ्यायचा ह्यावरूनही त्यांचा वाद व्हायचा, सरकार आधी की जनता. तिच्या पापण्यांवर धुक्याचे थेंब बसायचे आणि माझा वाचाळ पोरगा ते बघताना बोलणं विसरायचा. दिवसा सभेत जो पलटी खायचा त्याचे जुने शब्द भोंगा संध्याकाळी ऐकवायचा. पुढे पुढे दोघं हसेनासे झाले.

एका संध्याकाळी म्हातारे मास्तर दवाखान्यातून उतरताना त्या वळणावर पडले. मांडीचं हाड मोडलं. त्यांना उचलून वर नेईपर्यंत भोंगा गप्प होता. तो बोलण्यापेक्षा ते गप्प राहणं मला जड वाटलं.

नंतर दोघं खांबाखाली उभे होते. धाकटा म्हणाला, "मला... तुला एक..." आणि अडकला.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," वरून त्याचाच आवाज आला. हे तर तो कुठल्याच माइकवर बोलला नव्हता.

ती दोन पावलं मागे सरली. "हे तू बोललास की त्याने?"

तो वर भोंग्याकडे बघायला लागला.

"मग आधी दिव्याचं बोल, उघड्यावर," ती म्हणाली. "त्यात फिरणारा माणूस उद्या माझ्या बाबतीतही फिरेल."

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या मैदानात त्याच्या पक्षाची सभा होती, तिथे त्याचंच तिकीट जाहीर व्हायचं होतं. दुपार असून धुकं हटलं नव्हतं. त्याने माइक हातात घेतला. मग म्हणाला, "दिवा लावणं सरकारचं काम आहे, असं मी म्हणालो होतो. सरकार आता आमचं आहे. मास्तर आमच्यामुळे पडले." अध्यक्ष मला खुणा करायला लागले, माइक बंद करा. मला काही दिसलं नाही. ह्या वयात नजर जाते कधी कधी.

गर्दीच्या कडेने नर्स पुढे आली. सत्ता गेली म्हणून मीही पलटले, म्हणाली. पण पाच घरांनीच लावावा असं मला अजूनही वाटतं, आणि पहिलं घर माझं.

तिकीट तिथल्या तिथे दुसऱ्याला गेलं. धाकटा स्टेजवरून उतरला, माइक ठेवून, सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय. आणि दिवा सरकारनेच लावायचा."

"लग्नाला हो," ती म्हणाली. "दिव्याला नाही."

दोघांनी धुक्यातून वर खांबाच्या दिशेने पाहिलं. भोंगा बोलला नाही.

दुकानात येऊन मी खुंटीवरच्या तारेला हात लावला. गरम होती. अंगावरून नुकत्याच उतरवलेल्या कपड्यासारखी.

धाकटा दारात आला, मान खाली घालून. ती त्याच्या मागे, धुक्यात अर्धी.

"आई, तिकीट गेलं."

"जाऊ दे," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा तू भोंग्याच्या आधी बोललास. आता मधून बाजूला हो, तिला आत येऊ दे."