फितीतली बाई

तिला जायचं होतं शेजारच्या कुलूपवाल्याकडे. पण जिन्यात उजेड नव्हता, दोन्ही दारं एकाच रंगाची होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती भलत्याच दारातून आत शिरली, टेबलावर एक पत्र्याचा डबा आपटला आणि म्हणाली, "हा असा बंद करून द्या, की पुन्हा कुणाच्या बापाला उघडता येणार नाही!"

समोर बसला होता जुनी ध्वनियंत्रं दुरुस्त करणारा एक तरुण. त्याच्या दुकानात धूळ इतकी, की पांढरं मांजर आत शिरलं तर करडं होऊन बाहेर पडायचं आणि मालकीण त्याला घरात घ्यायची नाही. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

"बंद करणारे शेजारी बसतात," तो म्हणाला. "मी उघडणारा."

आणि त्याने डबा उघडलासुद्धा! आत टेपचं रीळ होतं.

"बाबांच्या बँडचं आहे," ती नाक पुसत म्हणाली. "गाणं कधी बाहेर आलंच नाही. आईला कपाट आवरताना सापडलं. शेजारच्या काकांच्या मशीनवर तिने ते ऐकलं, आणि बॅग भरून मावशीकडे निघून गेली."

"इतकं वाईट गाणं?"

"गाणं चांगलंय हो! पण त्यात एक बाई गातेय... आणि शेवटी एक बाळ हसतंय. आई म्हणते, ते बाळ म्हणजे मी. म्हणजे मला मांडीवर घेऊन बाबा त्या बाईला गाणं शिकवत होते!"

"आणि बाबा काय म्हणतात?"

तिने डब्याचं झाकण उगाच फिरवलं. मग हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात – ती बाई म्हणजे ते स्वतःच."

त्याने ओठ चावला. गाल फुगवले. पण हसू नाकातून निसटलंच.

"हसा," ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाली. "आई घरी आली की मीही हसेन."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिच्या चष्म्याला नंबर होता, आणि नजरेला धार. त्याने निमूटपणे रीळ मशीनवर चढवलं.

आधी अ‍ॅकॉर्डियन आला, मग ती बाई. 'उशीर झाला तरी ये रे सखया, दार मी लावलेलं नाही...' त्याचे डोळे आपोआप मिटले. मान डोलायला लागली.

"वा! काय गळा आहे! विशीतली असणार. आणि पार प्रेमात बुडालेली हो!"

डोळे उघडून पाहतो तर चष्मेवालीचा चेहरा पडलेला.

"म्हणजे बाबा खोटं बोलतायत," ती म्हणाली. "आजवर त्यांनी सांगितलं ते मी डोळे झाकून खरं मानलं. तेच जर असे... तर मग दुसऱ्या कुठल्या पुरुषाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

प्रश्न तिने छताला विचारला. लागला मात्र त्याला.

"उद्या या," तो घाईघाईने म्हणाला. "मी पुन्हा नीट ऐकतो."

ती आली. परवाही आली. तिचं दुकान बंद झालं की पावलं त्या जिन्याकडे वळायची – आईबाबांसाठी हो, दुसरं काय! तो रीळ पुसायचा, गाळून-गाळून ऐकायचा, आणि हाती काही लागायचं नाही.

"इतका ताजा इस्त्रीचा शर्ट घालून धुळीत बसता तुम्ही?" तिने एकदा विचारलं.

"गिऱ्हाईक नजरेचं कडक आहे."

"गिऱ्हाइकाने अजून शर्टाकडे पाहिलेलं नाही."

"मग इस्त्री केलीय हे कसं कळलं?"

ती रिळाकडे बघत बसली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या... त्या त्याने मोजून दोनदा पाहिल्या.

मग एके दिवशी ती धापा टाकत बाबांचा अ‍ॅकॉर्डियनच घेऊन आली. "त्यांनी जन्मात दुसरा घेतला नाही. याच्यावर चाल वाजवून बघते. निदान गाणं तरी समजेल."

त्याने फीत लावली. ती सोबत वाजवू लागली. सूर चढत गेले, तिची बोटं उजवीकडे सरकत गेली, सरकत गेली – आणि करंगळी टक्कन लाकडावर आपटली.

"अय्या!"

"काय झालं?"

"पट्ट्या संपल्या!"

"मग खालून सुरू करा."

"अहो, खालून काय? फितीतले वरचे सूर या पेटाऱ्यात नाहीतच! मग बाबांनी वाजवले कुठून?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"वाजवलेच नाहीत," तो सावकाश म्हणाला. "रेकॉर्डिंगचं मशीन सेलवरचं असणार. सेल मरत आले की फीत रांगते. मग नीट मशीनवर लावली की तीच फीत धावत सुटते, आणि आवाज पातळ होतो..."

"किती पातळ?"

"बाप्याची बाई होण्याइतका."

"मग इतके दिवस तुम्ही काय ऐकत होतात?"

"अ‍ॅकॉर्डियनकडे लक्षच दिलं नाही. गळ्यावर भाळलो होतो."

"कुणाच्या?"

"आता... तुमच्या बाबांच्या."

ती हसली. इतकी हसली की खाली रस्त्यावर दोन सायकली थांबल्या. तिसरीही थांबली असती, पण तिला ब्रेक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईबाबा दुकानातल्या बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

"मी फक्त पोरीच्या शब्दाखातर आलेय," आई भिंतीला म्हणाली.

चष्मेवालीने अ‍ॅकॉर्डियनचा सूर धरला. त्याने मशीनचं बटण फिरवत फिरवत फीत त्या सुरापर्यंत खाली आणली. बाई गाता गाता घोगरी झाली, मग जाड झाली, आणि शेवटी तिला चक्क मिश्या फुटल्या. तरुणपणीचे बाबा गात होते!

"ऐकलंस?" बाबा ताडकन उठले. "गायिका आलीच नव्हती! चाल बसवायला तिच्या ओळी मीच म्हटल्या. सांगून सांगून थकलो!"

"आणि ते बाळ?" आईचा आवाज अजून ताठ होता.

"शेवटी सेल आणखी मेले असणार," तो म्हणाला आणि फीत आणखी हळू केली. बाळाचं खिदळणं मोठं मोठं होत गेलं... आणि एक तरुण मुलगी हसली. हसता हसता शेवटी नाकातून घुर्र केलं.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तसं घुर्र करणारं माणूस जगात एकच होतं.

"अगं बाई... ही तर मी!" आईने तोंडावर हात ठेवला. "तुमच्या बँडच्या तालमीच्या गोदामात मी एकदाच आले होते. लग्नाच्या आधी, घरच्यांना चोरून. दारात येते तो काय, हा मिशाळ गडी डोळे मिटून बाईसारखा 'सखया, सखया' करतोय! हसू आवरेना, तशीच पळून गेले. ते हेच गाणं होतं, हे कुठे कळणार मला!"

"तू होतीस?" बाबांचे डोळे विस्फारले. "मला वाटलं ड्रमवाला हसला! त्याच्याशी भांडलो. त्यावरूनच तर बँड मोडला!"

"म्हणजे बँड मी मोडला?"

"मोडलास. आणि संसार मांडलास."

आई पदराने डोळे टिपत उठली. "चला. मावशीकडची बॅग तुम्ही उचलायची."

"बाईमाणसाला जड उचलायला लावतेस?"

दोघं हसत जिना उतरले. आईचं घुर्र खालपर्यंत ऐकू येत होतं.

चष्मेवाली बाकावर धपकन बसली. किती दिवसांचा अडकलेला श्वास सुटला. खांदे सैल झाले, उगाचच रडू आलं, आणि रडता रडता हसूही.

तो रीळ गुंडाळत होता. गुंडाळून झालं, तरी गुंडाळत होता.

"एक सांगायचं होतं," तो रिळालाच म्हणाला. "पण याला फीत नाही, मशीन नाही. तपासून बघता येणार नाही. नुसता शब्द आहे."

"कुणाचा?"

"माझा."

तिने चष्मा काढला. काचा सावकाश पुसल्या. पुन्हा घातला, आणि त्याला नीट पाहिलं.

"बोला."

"तुम्ही... तुम्ही मला फार आवडता."

"अरे," ती म्हणाली, "मग 'तुम्ही' काय म्हणतोस!"