कापलेले पेड

लाल तारेच्या आवरणावर, ब्रेकरच्या तोंडापासून बोटभर खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीचं तपकिरी कडं उमटलं होतं. सकाळी ते नव्हतं. मृणाल आठल्येने चष्मा वर सरकवून ते नीट पाहिलं आणि हात मागे घेतला. पॅनेलच्या पडद्यावर दुपारपासून तेच शब्द होते: सांधा तापतो आहे. निम्मा भार उतरवा. कोणता कक्ष बंद करू?

हे पॅनेल जुन्या ब्रेकरसारखं न विचारता खटका पाडत नसे. प्रत्येक सांध्यातली तापपारखी त्याला उष्णता कळवी आणि वेळ असेल तर ते माणसाला विचारी. उत्तर जबाबदार व्यक्तीने, म्हणजे इथे मृणालने, स्वतःच्या आवाजात द्यायचं. सूर्यास्तापर्यंत ते आलं नाही, तर दोन्ही कक्ष बंद होणार होते.

दोन्ही कक्षांत विजेवर गार राखलेली वाळू होती आणि वाळूत कासवांची अंडी. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. किनारा इतका तापला होता की बरीच वर्षं फक्त माद्या जन्मत होत्या. यंदा उघड्या वाळूत त्याही जगेनात. कक्ष एकमध्ये इथल्या, खडपेवाडीच्या किनाऱ्यावरची अंडी होती. कक्ष दोनमध्ये पुळणवाडीची. पुळणवाडीचा किनारा माघातल्या उधाणात समुद्राने खाल्ला. त्याआधी, मादी अंडी घालून वळली की लगेच, हेरंब चोगले तिथलं एकेक घरटं उचलून इथे आणत होता. तो त्याच गावचा.

आता तो दाराशी बर्फाची पाटी घेऊन उभा होता.

"बर्फ नको," मृणाल म्हणाली. "पाणी झिरपलं की अंडी गुदमरतात."

"मग सगळी एकाच कक्षात ठेवू."

"आता हलवली तर आतला जीव कवचापासून सुटतो. तुलाच तर शिकवलं होतं."

"शिकवलंत म्हणून विचारतोय. काहीतरी चुकीचं शिकवलं असेल तर बरं."

पॅनेलसमोर उकिडवा बसलेला नौशाद परकार हसला नाही. तारेचं काम त्याचंच. सोलरपासून शेड लांब; बारीक तार टाकली असती तर वाटेतच व्होल्टेज पडलं असतं, म्हणून जाड टाकली. ती ब्रेकरच्या तोंडात मावेना.

"जोडनळी हवी होती," तो म्हणाला. "एका अंगाला जाड तार, दुसऱ्या अंगाला बारीक, यंत्राने दाबून पक्की. मग बारीक ब्रेकरमध्ये. पण सरपंच नारळ घेऊन उभे, मुहूर्त टळत होता. तारेचे अर्धे पेड कापले आणि उरलेले आत सारले. आपणच म्हणालो, शिमग्याआधी बदलू."

"शिमगा आलाच," हेरंब म्हणाला.

आला होता. लांबून पालखीचे ढोल ऐकू येत होते. जोडनळी मिळणारं चिपळूणचं दुकान परवापर्यंत बंद होतं. मालक गावी पालखी नाचवत होता आणि त्याचा फोन, बायकोने सांगितल्याप्रमाणे, घरी चार्जिंगला होता.

"बारीक तार पिळून वर टेप मारली तर?" मृणालने विचारलं.

"तर सांधा इथे जळायचा तो तिथे जळेल. मॅडम, अख्ख्या तारेचा भार अर्ध्या पेडांवर आहे. निम्मा उतरवा, परवापर्यंत मी इथेच बसून राखतो. पूर्ण ठेवलात तर शेड जाईल."

"आळीपाळीने?"

तिनेच मान हलवली. वाळूच्या तापमानाच्या चढउतारात दोन्हीकडची अंडी गेली असती.

पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन भिंतीवर वर चढलं. हेरंबने पाटी खाली ठेवली. तिघं बर्फ वितळताना पाहत राहिले.

"ताई, मोठं झालं की कासव जन्मल्या किनाऱ्याकडे येतं ना?"

"हो."

"आणि किनाराच नसला तर?"

"माहीत नाही, हेरंब. कुणीच अजून पाहिलेलं नाही."

"दुसरा शोधत असेल," तो म्हणाला. "आम्ही नाही का इथे आलो."

मृणाल पॅनेलसमोर गेली. पडद्यावर सूर्यास्ताचा ठिपका जवळजवळ कडेला टेकला होता.

"मी बाहेर थांबू?" हेरंबने विचारलं.

"नको."

ती पडद्याकडे वळली. "कक्ष दोन."

"कक्षाचं नाव सांगून खात्री करा," पॅनेल म्हणालं.

नावं हेरंबनेच नोंदवली होती. नंबर कशाला, म्हणाला होता, गावं आहेत ती. मृणालने त्याच्याकडे पाहिलं. तो पाटीतलं पाणी पाहत होता.

"पुळणवाडी," ती म्हणाली. "बंद कर."