फाटक्या सोफ्याचा सूड

"सूड!" पिपाणी कडाडली. "साधासुधा नाही, वाजतगाजत सूड!"

पिपाणी हळू बोलली तर गल्लीतलं मांजर जागं व्हायचं, आणि कडाडली तर त्या मांजराचे पणजोबासुद्धा! पण त्या दिवशी तिचा दोष नव्हता. प्रकरणच तसं होतं.

सकाळी आत्याने बँकेचा खातेउतारा उघडला आणि तिच्या हातातला चहा जागच्या जागी गोठला. समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात सुट्टी घालवून ती पिपाणी आणि तिच्या दोन भावंडांना, म्हणजे आपल्या भाचरांना, घेऊन नुकतीच परतली होती. घराचं भाडं आधीच चुकतं झालं होतं. आणि आता खात्यातून आणखी एक भलीमोठी रक्कम उडालेली! कुणाकडे? तर 'निळी शिंपली सेवा' नावाच्या कुणाकडे तरी!

"कोण ही शिंपली?" आत्या किंचाळली. "चोर मेले! माझं कार्ड पळवलं!"

आत्या दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्या कामाच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे असे आ वासून बसलेले, की तिची फजिती बघून खदखदा हसताहेत असंच वाटावं. त्यांच्याकडे पाठ फिरवून तिने बँकेत फोन लावला.

बँकेतली बाई शांतपणे म्हणाली, "चोरी नाही हो ही. ती शिंपली म्हणजे तुमचे घरमालकच. त्यांच्या धंद्याचं नोंदवलेलं नाव तेवढं वेगळं आहे. घर ठरवताना तुम्ही कार्ड दिलंत, तेव्हा नुकसान झालं तर पैसे कापायची परवानगीही दिलीत. आधी त्यांना विचारा, कशाचे कापले ते. नाही पटलं तर आमच्याकडे तक्रार करा. पण पुरावा लागेल हं!"

घरमालकाला मुलं 'लोणीकाका' म्हणायची. तो बोलू लागला की ऐकणाऱ्याने हनुवटीखाली रुमाल धरावा, इतकं लोणी गळायचं.

"ताई, तुमच्यासारख्या सज्जन बाईला सांगायला जीभ रेटत नाही हो," तो फोनवर म्हणाला, "पण तुमच्या मुलांनी सोफा फाडला. नवा घ्यावा लागणार! फोटो पाठवतो ना."

फोटो आला. सोफ्याचं पोट फाटून स्प्रिंगा बाहेर लोंबत होत्या. आणि आत्याने काय करावं? मुलांना एका शब्दाने न विचारता त्याची माफी मागितली! मग फोन आपटून म्हणाली, "सोफा फाडलात ते फाडलात, वर माझ्यापासून लपवलंत! आता सुट्टीत कुठ्ठे नेणार नाही. तुमच्यावर विश्वास ठेवणारी मीच खुळी!"

हे शेवटचं वाक्य तिघांच्या जिव्हारी लागलं. म्हणून सूड!

पिपाणी येरझाऱ्या घालत होती. तिची धाकटी बहीण तिच्या मागे मागे. तिला सगळे शेपूट म्हणत ते उगीच नाही. त्यांचा भाऊ डावऱ्या मात्र फोटोत नाक खुपसून बसला होता. जेवण, लिखाण, मारामारी, सगळं तो डाव्या हाताने करायचा.

"थांबा!" तो ओरडला. "हा आपला सोफा नाहीच!"

"रंग तर तोच आहे," शेपूट म्हणाली.

"रंग गेला खड्ड्यात! मागचं दार बघ. मूठ उजवीकडे आहे. आपल्या घरात मूठ, दिव्याचं बटण, खिडकीची कडी, सगळं डावीकडे होतं. जन्मात पहिल्यांदा एक घर माझ्या सोयीचं मिळालं होतं, मी विसरेन होय?"

पिपाणीने टुणकन उडी मारली. "शेजारचं घर! जुळं घर!"

खरंच! तिथे एका भिंतीला पाठ लावून दोन घरं होती, एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. फाटका सोफा होता शेजारच्या घरात!

"पण आपला धड होता, याला पुरावा काय?" शेपटाने विचारलं.

तिघं एकमेकांकडे बघू लागली. पुरावा होता. पण तो आत्याला दाखवण्यापेक्षा वाघाचे दात घासणं सोपं! निघायच्या दिवशी, बॅगा भरून झाल्यावर, आत्या त्याच सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होती, आणि डावऱ्याने तिचा फोटो काढला होता.

"आत्या, मारणार नाहीस ना?" म्हणत शेपटाने तो पुढे केला.

आत्या आधी लाल झाली. मग तिला सोफा दिसला. अखंड! पायाशी भरलेल्या बॅगा, मागे डाव्या मुठीचं दार. तेव्हा ती जांभळी झाली.

"आणि मी त्या मेल्याची माफी मागितली! सगळे दात पाडीन त्याचे, आणि कवळी दुप्पट भावाने विकीन!"

दोन्ही फोटो जोडून तक्रार बँकेत गेली. "पैसे येतील परत," आत्या म्हणाली.

"आणि त्याची माफी?" पिपाणीने विचारलं. "ती काही बँक आणून देत नाही." मग तिने बेत सांगितला. ऐकून आत्या दचकली, मग फिसकन हसली आणि तिने टेंपो ठरवला.

टेंपो इतका मोठा, की त्यात हत्ती झोपला असता आणि कूसही वळला असता! तो जुळ्या घरांपुढे थांबला तेव्हा लोणीकाका अंगणात पाहुण्यांशी लाडेलाडे बोलत होता.

"काका!" पिपाणी गरजली. "आमचा सोफा न्यायला आलोय!"

"क-कसला सोफा, बाळा?"

"आम्ही फाडलेला! नव्याचे पूर्ण पैसे कापलेत ना? मग जुना आमचा!"

लोणीकाका आडवा येईपर्यंत शेपूट त्यांच्या सुट्टीतल्या घरात घुसलीसुद्धा. सोफ्यावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"आजोबा, जरा उठता? ... इथे नाही फाटलेला. खालूनही नाही. काका, फाटका भाग कुठे ठेवलात?"

"मी... दुरुस्त करून घेतला!"

"मग नव्याचे पैसे कशाला?" डावऱ्याने विचारलं.

गलका ऐकून शेजारच्या घरातली बाई बाहेर आली. "फाटका सोफा? तो आमच्याकडे आहे. आलो तेव्हाच तसा होता. यांनीच सांगितलं, चादर टाका म्हणून!"

"एक मिनिट," आजोबांनी चष्मा काढला. "गेल्या सुट्टीत इथे राहून गेल्यावर माझेही पैसे गेले होते. कुणी शिंपली होती. मला वाटलं, बायकोने काहीतरी मागवलं!"

"आणि मला वाटलं, तुम्ही!" आतून आजी कडाडल्या.

लोणी भराभर वितळू लागलं. लोणीकाका आत्याच्या कानाशी लागला, "ताई, पैसे आत्ता देतो. पोरांना टेंपोत बसवा."

"पैसे बँक आणेल," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आम्ही माफी न्यायला आलोय. टेंपो म्हणूनच मोठा आणलाय."

"चुकलं," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही!" पिपाणी म्हणाली.

"चुकलं माझं!"

"कुणी फाडला नाही सोफा?"

"मुलांनी फाडला नाही! मी खोटं बोललो!" तो असा ओरडला, की समुद्रातल्या माशांनी माना वळवून पाहिलं. माशांना मान नसते म्हणता? त्या दिवशी होती!

काही दिवसांनी बँकेतल्या बाईचा फोन आला. "पैसे परत जमा केलेत. आजोबांचीही तक्रार आलीय. इतका चोख पुरावा मोठी माणसंसुद्धा देत नाहीत हो! मुलांना माझी शाबासकी सांगा."

आत्याने फोन ठेवला. हाताचं प्लास्टर पुसलं. मग तिघांसमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या तीन वाघांनो, तुमच्यासारखी भाचरं नशिबाने मिळतात," ती म्हणाली. मग खाली बघत हळूच म्हणाली, "आणि एक माफी राहिलीय. माझी. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

पिपाणीने धावत जाऊन आत्याच्या कमरेला मिठी मारली.

शेपटाने मात्र कानामागे हात धरला आणि म्हणाली, "ऐकू आलं नाही!"