सतरा नंबरचा खांब

फोन आला तेव्हा संघदीप तव्यावर पोळी टाकत होता. जेट्टीवर मापं घ्यायला गेलेली त्याची बायको, समीक्षा, समुद्रात पडली होती. शोध चालू आहे, म्हणाले. त्यानं गॅस बंद केला, तवा मोरीत ठेवून नळ सोडला. नळ कोणी बंद केला, ते त्याला आठवत नाही.

समीक्षा सापडलीच नाही.

दोघं गोंदियातल्या घरी बसून एकच काम करत. जेट्टीच्या लोखंडी खांबांना जस्ताचे ठोकळे लावतात. खारं पाणी आधी जस्त खातं, तोवर लोखंड वाचतं. कुठे किती जस्त लागेल, ते कॉम्प्युटरवर समुद्र मांडून काढायचं. वाचणारा खांब निळा दिसतो, गंजणारा लाल. समीक्षा नवऱ्याला लोखंडच म्हणायची. "ए लोखंडा, चहा ठेव. मीच झिजू का सारी?"

दोन महिन्यांनी त्याच जेट्टीची तिची फाइल त्याच्याकडे आली. सतरा नंबरच्या खांबाचे सगळे ठोकळे वादळात तुटले होते. तो लाल यायला हवा होता. निळा आला.

त्यानं आकडे तपासले. खांबाच्या बुडाशी, गाळात, एक जादा ठोकळा होता. तिच्या जुन्या फाइलीत तो नव्हता. सुरुवातीचं वजन चोपन्न किलो, उरलेलं नऊ.

चोपन्न. दिवाळीआधी भैयालालच्या राइस मिलमध्ये ती गंमत म्हणून धानाच्या काट्यावर चढली होती. "चोपन्न! वहिनी, पोतंभरही नाही तुम्ही," भैयालाल हसला होता.

दुपारी शेजारच्या जमुनाबाई डबा घेऊन आल्या. मोरीपाशी थबकल्या.

"काऊन रे बापा, तवा ओलाच पडून आहे?"

"राहू द्या, मावशी."

"दोन महिने झाले. लोखंडाचा ना? मग गंजून काऊन नाही राहिला?"

त्यानं डबा घेतला. त्या गेल्यावर त्यानं तो ठोकळा फाइलीतून पुसला. सतरा नंबर लाल झाला. मोरीत जाऊन पाहिलं. तव्याच्या कडेला तांबूस ठिपका होता. बघता बघता दुसरा उमटला.

तो धावत परत आला. पुसलेला ठोकळा आपोआप जागेवर आला होता.

आठ किलो.

तेवढ्यात ऑफिसातून टीनाचा फोन. "सर, डायव्हर शनिवारपर्यंतच आहेत. सतराला नवीन जस्त लावायचं का? निळा आहे ना? मग कॅन्सल करते."

नवीन जस्त लावलं की जुन्याला झिजावं लागत नाही. पण ते लावायला माणसं खाली उतरतील. गाळात हात घालतील, त्या ठोकळ्यापर्यंत.

"सांगतो," तो म्हणाला.

आज शनिवार. तव्यावर तिसरा ठिपका आलेला नाही.

उरलेलं वजन चार किलो.

टीनाला उत्तर द्यायचं राहिलं आहे.